भावोजी कुठे उभे होते

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा अडकलेल्या गाड्या ओढून काढणे व जुन्या लष्करी ट्रकची दुरुस्ती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघ्यांचा दाखला मी मागितला नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. ज्यांनी आयुष्यात तसा प्रयत्न केला त्यांचा उल्लेख पुढे कलम सहामध्ये येईल.

वकीलबाईंनी दोन पानांचा नीटनेटका मसुदा करून दिला होता. तो वाचल्यावर कोणाला काय मिळाले ते कळत होते, पण का मिळाले ते कळत नव्हते. म्हणून सगळे पुन्हा स्वतःच्या हाताने लिहायला घेतले. वकीलबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "लिहा, पण कलमांना आकडे घाला." घालते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी त्यांनीच करावी.

कलम १. गॅरेजची पत्र्याची शेड, तिच्यातला खड्डा, लेथ, आणि मागच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एका मुलीला द्याव्यात. पुढच्या खोलीत माझे धाकटे दीर राहतात, त्यांना मी भावोजी म्हणते व या कागदातही तसेच म्हणणार आहे. त्यांचे वय एकोणसत्तर. डावा पाय गुडघ्याखाली लाकडाचा होता, आता प्लास्टिकचा आहे. ती खोली ते असेपर्यंत त्यांची. "आमच्याकडे राहायला चला, इथं एकटे काय करता," असे म्हणून कोणीही त्यांना प्रेमाने बेघर करू नये. त्यांच्या खोलीतला रेडिओ बंद करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मलाही नव्हता.

कलम २. बँकेत जे निघेल ते मुलीचे. साड्या आणि डगले कोणी मागणार नाही, सगळ्यांवर ऑइलचे डाग आहेत. त्यांची पुसायची फडकी करावीत. मी गेल्यावर मला माझ्याच ट्रकमधून न्यावे असे काही जण हौसेने सुचवतील. तसे करू नये. त्याच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर मेलेले माणूसही उठून बसेल.

कलम ३. लष्कराच्या लिलावातून घेतलेला सहा चाकी ट्रक मुलीला द्यावा. त्याच्या सहाही चाकांना इंजिनचा जोर पोचतो आणि पुढच्या बंपरवर विंच आहे, म्हणजे पोलादी दोर गुंडाळून घेणारे रहाट, ज्याने दरीत गेलेली गाडी वर ओढता येते. माझ्या यजमानांनी तो घेतला तेव्हा त्याला एका बाजूची चाके नव्हती, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि इंजिनात पाणी होते. दुसऱ्या कोणी बोलीच लावली नाही. थोरल्या दिरांनी दारात उभे राहून विचारले, "हे धूड कशाला आणलंस?" तेव्हापासून त्याचे नाव धूड.

यजमान आणि भावोजी दीड वर्ष त्याच्याखाली पालथे पडून होते. तेवढ्या काळात मी नवऱ्याचे तोंड पाहिले त्यापेक्षा त्याचे तळवे जास्त पाहिले. धूड चालते झाले, घाटातली कामे मिळू लागली, आणि त्यानंतर दोनच वर्षांत यजमान छातीत दुखून गेले. मी तीस वर्षांची, मुलगी चार वर्षांची. दोघींचे अश्रू पुसायला लोक पुष्कळ आले. घाटात अडकलेल्या गाड्यांना मात्र आमच्या दुःखाशी काही देणेघेणे नव्हते. चौथ्याच आठवड्यात एक बसवाला दारात आला आणि म्हणाला, "ताई, गाडी आहे, पण चालवणारं कुणी आहे का?"

मुलीसाठी सूचना, तिला पाठ असल्या तरी: डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांचे आटे उलटे आहेत, हे विसरून जोर लावणाऱ्याने आजवर तीन पाने वाकवले. हँडल मारताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, नाहीतर इंजिन उलटे लाथ मारते आणि अंगठा जातो. आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तरी ते चालू ठेवावे. रंग लावायचा असेल तर लाव, पण लग्नातल्या गाडीसारखे चकचकीत करू नकोस, ते लाजेल.

कलम ४. खाकी पुठ्ठ्याची जुनी वही, जिच्यात धुडाला ग्रीस भरायच्या प्रत्येक निपलचे चित्र आहे, ती मुलगी शिकवते त्या तंत्रशाळेच्या वाचनालयास द्यावी. ही वही समोरच्या घरात राहणाऱ्या हवालदारकाकांची. त्यांनी लष्करात अशाच ट्रकवर नोकरीची वीस वर्षे काढली होती. भावोजींना गाडी उघडता येत होती, पुन्हा जोडता येत होती, पण चालवायची म्हटली की त्यांचे हात थरथरत. मग मीच काकांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काका, मला जमेल का?"

"मला काय विचारतेस पोरी? गाडीला विचार."

बंद पडलेल्या वीटभट्टीच्या मैदानावर त्यांनी मला दोन महिने फिरवले. क्लच दोनदा दाबायचा, मध्ये इंजिनला जरा पेट्रोलचा घोट द्यायचा, मग गिअर आपोआप आत जातो, हे माझ्या पायांना कळेपर्यंत ते शेजारी बसून पेरू खात. एकदाच आवाज चढवला, तो विंच शिकवताना. विंचच्या दांड्यात मऊ लोखंडाची एक पिन असते, करंगळीएवढी. ओझे फार झाले की ती मोडते आणि रहाट थांबते. काका म्हणाले, "ही मोडण्यासाठीच बसवलेली आहे. ती मोडते म्हणून दोर मोडत नाही आणि माणूस मोडत नाही. तिच्या जागी दुसरं काही घातलंस तर माझ्या दारात येऊ नकोस." त्यांनी आणखी एक नेमून दिले होते: विंच चालू असताना मदतनिसाने कुठे उभे राहायचे ती जागा. दोराच्या रेषेच्या बाहेर, बंपरच्या मागे चार पावले. काका, तुमचे उपकार या कागदात मावणारे नाहीत. तुम्ही नसतात तर मी कोणाच्या तरी घरी भांडी घासत म्हातारी झाले असते.

कलम ५. माझ्या सोन्याच्या दोन बांगड्या थोरल्या जाऊबाईंना द्याव्यात. त्या ऐंशी वर्षांच्या आहेत, तेव्हा माझी वाट न पाहता आत्ताच द्याव्यात. कारण असे. मी पहिल्यांदा घाटात जाणार त्या सकाळी धूड सुरू होईना. हँडल मारून मारून खांदे निखळले. भावोजींनी डिस्ट्रिब्यूटरचे टोपण काढून पाहिले तर आतला रोटर गायब. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा काळा तुकडा, पण तो नसला तर ठिणगी कोणत्याच प्लगपर्यंत पोचत नाही. तो तुकडा स्वतःच्या पायाने चालत जात नाही. कोणी काढला असेल ते आम्हा दोघांनाही कळले आणि भावोजींनी टोपण परत बसवले.

दुपारी जाऊबाई जेवणाचा तीन पुडांचा डबा घेऊन गॅरेजमध्ये आल्या. कधी आल्या नव्हत्या.

"खालचा पूड आधी उघड," त्या म्हणाल्या. "गार होईल."

खालच्या पुडात, फडक्यात गुंडाळलेला, रोटर होता. त्यांच्या नवऱ्याच्या कोटाच्या खिशातून काढलेला. मी वर पाहिले तर त्या भिंतीवरचे पाने मोजत होत्या.

"डबा संध्याकाळपर्यंत परत दे," म्हणाल्या आणि गेल्या. पुढे माझी मुलगी त्यांनीच सांभाळली, दहावीपर्यंत. रोटरचा विषय आजपर्यंत आमच्यात निघालेला नाही. आता निघाला. जाऊबाई, रागावू नका.

कलम ६. थोरल्या दिरांना मी काहीही देत नाही, आणि हे नजरचुकीने राहिलेले नाही. ते यजमान गेल्यावर महिन्याभरात भंगारवाल्याला घेऊन आले होते. "बाईमाणसानं ट्रक चालवला तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही," असे म्हणाले होते. त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे त्यांनी गावात तोंड व्यवस्थित दाखवले. दोनदा तर त्यांचीच मोटार मी ओढून आणली. दोन्ही वेळा ते मागच्या सीटवर पेपर वाचत बसले होते. एवढा एक राग मी जपून ठेवला आहे. तो कोणाच्या नावे करत नाही, बरोबर घेऊन जाते.

कलम ७. हे कलम वकीलबाईंच्या मसुद्यात नव्हते, कारण मी त्यांना सांगितलेच नव्हते.

एकतीस वर्षांपूर्वी खाणीच्या वळणावर विटांनी भरलेला एक ट्रक रस्ता सोडून खाली गेला. तो एका खडकाला टेकून अर्धवट लटकला होता आणि ड्रायव्हरचे पाय डॅशबोर्डखाली अडकले होते. तो ओरडत होता तोवर ठीक होते. मग तो नुसता "आई, आई" म्हणू लागला. आम्ही विंच लावली. पहिली पिन मोडली. दुसरी घातली, तीही मोडली. पिशवीत तिसरी नव्हती. आदल्या दिवशी लेथवर डझनभर पिना काढायच्या होत्या, त्या मी उद्यावर टाकल्या होत्या.

भावोजी काकांनी नेमून दिलेल्या जागी उभे होते, बंपरच्या मागे चार पावले, हाताने मला इशारे करत. मी विंचजवळ वाकले. हत्यारांच्या पेटीत पाट्यांचा एक कडक पोलादी बोल्ट होता, नेमका तेवढ्याच जाडीचा. तो मी दांड्यात ठोकला आणि केबिनमध्ये चढले.

त्या क्षणी मला दोन शब्द बोलायचे होते. "लांब व्हा." एवढेच. बोलले असते तर त्यांनी का म्हणून विचारले असते, बोल्ट पाहिला असता आणि मला थांबवले असते. म्हणून मी बोलले नाही.

ट्रक वर आला. हातभर, दोन हात, ड्रायव्हरला खिडकीतून ओढून काढता येईल इतका. लोकांनी त्याला काढलेही. त्यानंतर पिन मोडायला हवी होती, पण मोडण्यासारखे आत काही नव्हते. दोर हुकाजवळ तुटला आणि उलटा आला. चार पावलांची ती जागा मऊ पिनेच्या हिशेबाने ठरवलेली होती. भावोजींचा पाय गेला.

दुसऱ्या दिवशी धूड आणायला मी एकटी गेले. बोल्ट ठोकून बाहेर काढला, मोडलेल्या पिनेचा तुकडा आत सरकवला आणि बोल्ट दरीत फेकला. ज्यांनी ज्यांनी नंतर विंच पाहिली त्यांना मोडकी पिन दिसली. म्हणजे गाडी निर्दोष. मग दोष कोणाचा? शेजारचा टायरवाला म्हणाला, "दोर तुटतोच. माणसाला उभं कुठं राहायचं ते कळायला हवं." हे वाक्य सगळ्या गॅरेजांत फिरले. नवीन माणूस कामाला लागला की त्याला सांगत, पाय हवा असेल तर भावोजींसारखा उभा राहू नकोस. भावोजींच्या देखत सांगत. मी तिथेच असे, हातात पाना घेऊन, आणि पाना फिरवत राही.

भावोजी पाच महिन्यांनी काठीवर कामाला आले. पहिली दोन वर्षे ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. मला वाटले, पाय दुखत असेल.

कलम ८. मसुदा हातात पडल्यावर वकीलबाईंनी विचारले होते, "आणखी कोणाचं काही देणं लागता का?" मी नाही म्हणून घरी आले. ते नाही खोटे होते. भावोजी दारातल्या उन्हात बसून डिस्ट्रिब्यूटरमधले ठिणगीचे पॉइंट घासत होते. मी समोर डबा पालथा घालून बसले आणि सगळे सांगितले. ते पॉइंट घासतच राहिले.

"बोल्टाचं डोकं षटकोनी होतं," ते म्हणाले.

"काय?"

"दोरानं मला ओढून विंचच्या समोरच टाकलं, वहिनी. लोक पायाला फडकं बांधत होते आणि मला तोच दिसत होता. पिनेला कुठं डोकं असतं?"

मी विचारले, "एवढी वर्षं माहीत होतं? मग बोलला का नाहीत?"

"पहिली दोन वर्षं रागानं बोललो नाही," ते म्हणाले. "मनात तुम्हाला काय काय शिव्या दिल्यात ते विचारू नका. नंतर एक दिवस बघितलं तर राग नव्हता. कधी गेला तेही कळलं नाही. मग उगाच कशाला?" त्यांनी पॉइंटवर फुंकर मारली. "आणि तो विटावाला जगला. मी तुमच्या जागी असतो तर मीही बोल्टच घातला असता. फक्त तुम्हाला सांगून घातला असता."

हे शेवटचे त्यांनी अगदी सहज म्हटले. मला त्या वेळी रडू आले. ते उठून आत गेले आणि पाणी घेऊन आले, अर्धे वाटेतच सांडलेले.

मी म्हटले, "भावोजी, धूड तुमच्या नावे करते."

"मी काय करू त्याचं? क्लच कोण दाबणार? पोरीला द्या. ती तुमच्यापेक्षा बरं चालवते."

"मग काय देऊ? काहीतरी मागा. तुम्ही कधी काही मागितलंच नाहीत."

त्यांनी पॉइंट फडक्यात गुंडाळले. मग म्हणाले, "त्या कागदात एक वाक्य लिहा. मी बरोबर जागी उभा होतो, एवढं."

म्हणून मी या कलमाद्वारे, वर दिलेल्या सर्व मालमत्तेहून अधिक महत्त्वाचे मानून, खालील वाक्य माझ्या धाकट्या दिरांच्या नावे करते:

खाणीच्या वळणावरील अपघाताच्या वेळी माझे धाकटे दीर योग्य जागी उभे होते. चूक माझी होती.

दुसरे वाक्य त्यांनी मागितले नव्हते. ते माझ्याकडून.

भावोजी म्हणाले, "हे तुम्ही गेल्यावर वाचणार ना? आणि मी आधी गेलो तर?" बरोबर होते. म्हणून गेल्या रविवारी सकाळी मी गॅरेजमध्ये सगळ्यांना बोलावले. टायरवाला, वेल्डर, चार ड्रायव्हर, मुलगी, आणि खुर्चीत जाऊबाई. कलम सात आणि आठमधले तोवर लिहिलेले सगळे मी उभी राहून मोठ्याने वाचले. टायरवाला माझ्याकडे न बघता भावोजींकडे बघत होता.

"मग एवढी वर्षं मी सगळ्यांना काय सांगत होतो?"

"खोटं," भावोजी म्हणाले. "पण मनापासून."

आधी वेल्डर हसला, मग सगळे. टायरवाला हसला नाही. तो पुढे आला, भावोजींचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. मुलगी माझ्याशी त्या दिवशी बोलली नाही. संध्याकाळी तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तेवढेच. तिला वेळ लागेल. लागू दे.

कलम ९. हे देण्याघेण्याचे कलम नाही, पण कागद इथवर आला आहे तर लिहून ठेवते. काल सकाळी भावोजी म्हणाले, "वहिनी, त्या वळणावर जाऊन येऊ." एकतीस वर्षांत ते तिकडे फिरकले नव्हते. मुलीने धूड काढले, मी मधे, भावोजी खिडकीशी. वळणावर पोचलो तर काही ओळखू येईना. डोंगर कापून रस्ता रुंद केला आहे, कडेला सिमेंटचा कठडा घातला आहे. मी म्हटले, इथे. भावोजी म्हणाले, "छे, त्या झाडाच्या पलीकडं." मी म्हटले, ते झाड तेव्हा नव्हते. ते म्हणाले, होते, मीच त्याखाली डबा ठेवला होता. उन्हात आम्ही दोघे म्हातारे कठड्याला धरून अर्धा तास मागेपुढे करत होतो. खाली दरीत गवत होते. ना विटा, ना बोल्ट.

"सापडलं का?" मुलीने धुडातून विचारले.

"राहू द्या आता," भावोजी मला म्हणाले. "भूक लागली."

परतीच्या रस्त्यावर प्रत्येक उतारावर ते मुलीला गिअर सांगत होते, आणि प्रत्येक वेळी ती त्यांनी सांगायच्या आधीच टाकत होती. मी मधे बसून दोन्ही बाजूंचे ऐकत होते. इतके बरे मला पुष्कळ वर्षांत वाटले नव्हते.

वर लिहिलेले सर्व मी पुन्हा एकदा वाचले. दोन ठिकाणी खाडाखोड आहे, ती माझीच. ज्यांनी मला शिकवले, जेवू घातले, माझी मुलगी वाढवली आणि माझ्यावर रागावूनही माझ्या शेजारी काम केले, त्या सर्वांचे आभार मानून, दोन साक्षीदारांच्या समोर ही सही करते. या दोघांना या कागदातून काहीही मिळणार नाही, याबद्दल त्यांनी नाराजी व्यक्त केली आहे.

सही: ओढगाडीवाली

साक्षीदार पहिला: टायरवाला (सही)
साक्षीदार दुसरा: वेल्डर (सही)

स्थळ: गॅरेजमधले टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, सकाळी सव्वाअकरा